जातो, जाते आणि माझा वर्तमानकाळ

"हे काय बातम्या दिल्यासारखं बोलतेस गं?" आई फोनवर म्हणाली.

तिने विचारलं होतं, काय चाललंय. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसच्या कॅन्टीनमधून उत्तर दिलं होतं, "जेवायला जात आहे." जातेय नाही, जातोय नाही. जात आहे. घरच्या माणसाशी असं कोणी बोलत नाही.

"कामात आहे ना, म्हणून," मी म्हटलं. "तुझं जेवण झालं?"

"माझं झालं. तू माझ्यापासून काहीतरी लपवतेस."

तिचं म्हणणं खरं होतं.

या लिखाणात मी 'गेलो', 'आलो' असं लिहितोय. त्यावरून मला पुरुष समजू नका. ही क्रियापदं मला कुठून मिळाली, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याचा. मुलगी झाली म्हणून घरच्यांनी बर्फी वाटली होती. मुलगा असता तर पेढे. दोन्हींतलं काहीच आपल्यासाठी नव्हतं, असं मला फार लवकर वाटायला लागलं, पण ते सांगायचं कसं ते कळत नव्हतं. शाळेत कवायतीला मुलींची रांग, मुलांची रांग. मी मुलींच्या रांगेत उभं राहायचो आणि मुलांच्या रांगेकडे बघायचो, पण तिकडेही जावंसं वाटायचं नाही. मुलींच्या रांगेत नको, एवढंच. तिशीच्या आसपास, बंगळूरला नोकरीला आल्यावर, 'नॉन-बायनरी' हा शब्द कुणाच्या तरी बोलण्यात ऐकला. जिथे दुखतंय तिथेच डॉक्टरचं बोट पडावं तसं झालं. दुखणं गेलं नाही, पण जागा कळली.

ऑफिसात फार अडचण आली नाही. तिथे इंग्रजी. टीम लीडने एकदा विचारलं, ईमेलच्या खाली माझ्या नावासमोर 'ही' किंवा 'शी'ऐवजी 'they' असं लिहिलं, आणि पुढच्या क्षणी आम्ही बंद पडलेल्या सर्व्हरबद्दल बोलायला लागलो. पण इंग्रजीत मी फक्त काम करतो. रुसतो, लाडात येतो, भाजीवाल्याशी हुज्जत घालतो ते मराठीत. आणि मराठीत 'मी' म्हटलं की पुढे लगेच ठरवावं लागतं. येतो की येते? 'येते' म्हणताना दुसऱ्याच्या चपला पायात आल्यासारखं वाटायचं. 'येतो'ही आपलं नाही असंच वाटायचं, ते पुरुषांचं. मग मी पळवाटा शोधल्या. 'मला यायचंय' चालतं. 'मी येईन' चालतं. 'मी चहा घेतला', 'मी भाजी आणली' चालतं, कारण तिथे क्रियापद चहाकडे आणि भाजीकडे बघतं, माझ्याकडे बघत नाही. अडायचं ते साध्या वर्तमानकाळात. राहतो, राहते. खातो, खाते. थकतो, थकते. आईशी बोलताना मी भविष्यात जायचं ते सांगायचो, भूतकाळात आणलेलं सांगायचो, पण आत्ता काय होतंय ते सांगायचं टाळायचो. फोन छोटे होत गेले. तिला वाटलं, लेक दुरावली. कधी तिला वाटायचं, मराठी विसरली.

पहिला मोकळा श्वास मिळाला तो कन्नडमध्ये, आणि तो माझ्या घरमालकिणीमुळे.

ती साठीच्या पुढची. तिच्या घरचे मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरच्या. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान आहे, ते आता तिचा धाकटा भाऊ बघतो. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही. मी तिच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो.

एका रविवारी नळ दुरुस्त करायला माणूस आला. अक्का खालून त्याला सांगत होती, "मेलगडे अवरु इद्दारे." म्हणजे, वर ते आहेत. अवरु म्हणजे ते, आदराने. बाई आहे की बुवा, यातलं काहीच त्यात नाही. मी दारात थांबून ऐकत होतो. त्याने "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि पान्हा घेऊन वर आला. त्याला आणखी काही माहीत असण्याची गरज नव्हती.

संध्याकाळी मी खाली गेलो. अक्का अंगणात शेंगा सोलत बसली होती.

"अक्का, कन्नडमध्ये बाईने 'मी जाते' कसं म्हणायचं?"

"नानु होगतीनि."

"आणि पुरुषाने?"

"नानु होगतीनि." तिने वर बघितलंसुद्धा नाही. "वेगळं कशाला म्हणायचं? दोघं जातातच की."

मी वर येऊन दार लावलं आणि मोकळ्या खोलीत बोलायला लागलो. नानु होगतीनि. नानु बरतीनि. नानु तिंतीनि. मी जाणं, मी येणं, मी खाणं, आणि कुठेही अडखळणं नाही. एकेरीत गेलं की कन्नडमध्येही अवनु आणि अवळु आहेत, तो आणि ती आहेत, हे नंतर कळलं. पण स्वतःबद्दल बोलायला तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती. मी मन लावून कन्नड शिकायला लागलो. अक्काला वाटलं, मला हे गाव फार आवडलंय. तेही खोटं नव्हतं.

आईने मात्र पाठ सोडली नाही. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला, "स्टेशनवर उतरलेय. रिक्षावाला काय म्हणतो ते कळत नाही, तूच बोल त्याच्याशी." माझ्या मावशीच्या मुलीचं निपाणीला लग्न होतं, आणि त्यासाठी म्हणे साडी घ्यायची होती. आयुष्यभर लक्ष्मी रोडजवळ राहिलेल्या बाईला साडीसाठी बंगळूर गाठावं लागावं, यावर माझा काही विश्वास बसला नाही. पण मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि ऑफिसला सुट्टी कळवली.

अक्का आम्हाला चिकपेटेत तिच्या भावाच्या दुकानात घेऊन गेली. गल्लीत हातगाड्या, गठ्ठे आणि माणसं यांच्यामधून वाट काढत आम्ही एकदाचे गादीवर टेकलो. भावाने आईसमोर साड्या उलगडल्या आणि माझ्याकडे बघून बहिणीला विचारलं, "अवरिगे एनु तोरिसली?" त्यांना काय दाखवू?

त्याच्या बघण्यावरून आईला तेवढं कळलं. ती म्हणाली, "तिला नको काही. तिला साडी आवडत नाही."

"अवरिगे कुडत्याचं कापड दाखव," अक्का म्हणाली. "चांगलं, जाड विणीचं."

मी राखाडी कापड निवडलं. आईने जांभळ्या काठाची साडी घेतली, पण तिचं लक्ष साडीत नव्हतं.  वर आल्यावर तिने स्वतःच चहा टाकला. माझ्या स्वयंपाकघरात तिला साखर कुठे आहे ते बरोबर सापडलं. मग कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "दुकानात मी काय चुकीचं बोलले?"

"काही नाही."

"मी 'तिला आवडत नाही' म्हटलं तेव्हा तुझं तोंड दाढ दुखल्यासारखं झालं. आणि ती बाई 'अवरिगे' की काय ते कन्नडमध्ये म्हणाली, तर खुललं. तुला कन्नड एवढं आवडतं?"

या बोलण्यासाठी मी कितीतरी वाक्यं तयार करून ठेवली होती, पण ती सगळी इंग्रजीत होती. त्यांचा इथे काही उपयोग नव्हता.

"आई, मला स्वतःला मुलगी म्हणवत नाही," मी म्हटलं. "मुलगाही म्हणवत नाही. दोन्हींतलं काहीच नाही. लहानपणापासून असंच आहे."

तिने कप खाली ठेवला. "कुणी काही केलं का तुला?"

"नाही गं."

"दुखणं आहे काही?"

"नाही."

"लग्न टाळायचं म्हणून?"

"तो वेगळा विषय आहे."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' तिच्याकडे नेहमीच असतं. दूध उतू गेलं तरी आधी बरं, मग फडकं. "मग याला म्हणतात काय?"

"नॉन-बायनरी."

"बायनरी ते कॉम्प्युटरचं ना? शून्य आणि एक?"

"तेच. पण इथे पुरुष आणि बाई."

"मराठीत काही नाही का?"

मराठीत जे सापडले होते ते शब्द मी सांगितले. 'तृतीयपंथी' तिला माहीत होता, पण तो ऐकताच तिला सिग्नलवर टाळ्या वाजवणारी माणसं आठवली. मी सांगितलं, त्यांचा घोळका असतो, गुरू असतो, रीत असते, माझं तसं काही नाही. 'पारलिंगी' तिने दोनदा म्हणून बघितला. "सरकारी कागदावर ठीक आहे," ती म्हणाली. "पण घरात हाक मारायला नाही." तो शब्द मुख्यतः या बाजूकडून त्या बाजूला गेलेल्यांसाठी वापरतात, आणि मी कुठल्याच बाजूला पोचलो नाही, असं मी म्हटलं.

तिने आपला चहा संपवला. मग म्हणाली, "आमच्याकडे एक जोगप्पा यायचा."

आई निपाणीजवळच्या गावची. लग्न करून पुण्याला आली. तिकडे यल्लम्माला सोडलेली माणसं असतात. जन्माने पुरुष, पण साडी नेसतात, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती ठेवलेली टोपली, घेऊन दारोदार जोगवा मागतात. आईने कधी त्यांच्याबद्दल सांगितलं नव्हतं.

"माझी आई त्याला अव्वा म्हणायची, कन्नडमध्ये आईला म्हणतात तसं," ती म्हणाली. "सुपातून मीठ-पीठ वाढायची, पायरीवर बसवून पाणी द्यायची. मी विचारलं होतं, हा बाबा आहे की बाई? तर म्हणाली, तो अव्वा आहे. झालं. मी पुढे विचारलं नाही." मग माझ्याकडे वळून, "तू तसं काही का?"

"नाही. त्यांच्यामागे देवी आहे. माझ्यामागे फक्त लॅपटॉप."

ती हसली.  पण खरा प्रश्न तिने नंतर विचारला.

"हे एवढंच होतं, तर माझ्याशी बोलणं का तोडलंस?"

"तोडलं नाही. मला बोलताच येईना. प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं, जाते की जातो. 'जाते' मला बोलवत नाही. आणि 'जातो' म्हणजे पुरुष झाला."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? व्याकरण."

"कसलं व्याकरण!" आई एकदम सरसावून बसली. "अगं, आमच्याकडच्या सगळ्या बायका 'जातो'च म्हणतात. मी जातो, मी आलो, मी बसतो. माझी आई जन्मभर 'जातो' म्हणायची. विहिरीवर जातो, शेतात जातो, बाळंतपण करून आलो. ती काय पुरुष होती? मीसुद्धा तसंच बोलायचे."

"तू?" मी तिला आयुष्यात एकदाही तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. लग्नानंतर पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती सासूला म्हणाली, "मी भाजी आणायला जातो." स्वयंपाकघरात हशा पिकला. धाकट्या दिराने दिवसभर 'आली का आमची दादा' म्हणून चिडवलं. कुणी वाईट वागलं नाही, ती म्हणाली, पण तिला फार लाज वाटली. भांडी घासताना ती मनात म्हणून बघायची, जाते, येते, करते. चुकायला नको म्हणून मोजकंच बोलायची. घरातल्यांना वाटलं, सून अबोल आहे.

"मला सवय झाली," ती म्हणाली. "पण कितीतरी दिवस तोंडात दुसऱ्याचा दात बसवल्यासारखं वाटायचं."

  मग ती म्हणाली, "तर मग तू 'जातो' म्हण की. ते पुरुषाचं नाही. ते माझ्या आईचं आहे."

मला रडू आलं. पण ते कसं होतं सांगू, खूप वेळ धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी सहज घ्यावं आणि मग आपल्याला कळावं की हात किती भरून आले होते. मी रडत होतो आणि म्हणत होतो, "मी इथे राहतो. मी पहाटे उठतो. मी कधीकधी फार थकतो." साधी साधी वाक्यं. आई ऐकत होती. काय बोलतोय यापेक्षा कसं बोलतोय ते जास्त ऐकत होती, असं मला वाटतं. मग तिने माझा चहा उचलून बघितला, गार झाला होता.

"मी दुसरा टाकतो," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी तो शब्द कुठून आला, तिलाच कळलं नाही. नंतर ती मुद्दामच तसं बोलायला लागली. आंघोळीला जातो. जरा पडतो. अक्काकडे जाऊन येतो. तिचा आवाजसुद्धा बदलला, जरा मोठा झाला, खेड्यातला झाला. मुक्कामाचे उरलेले दिवस माझ्या दोन खोल्यांत दोन माणसं जातो-येतो करत होती, आणि त्यांतल्या कुणालाही पुरुष व्हायचं नव्हतं.

मला काय म्हणायचं, हा प्रश्न मात्र पटकन सुटला नाही. अक्काच्या अवरुचा अर्थ मी आईला सांगितला होता आणि तिला तो आवडला होता, म्हणून तिने 'ते' म्हणून पाहिलं. "ते आत्ता ऑफिसातून आले," असं ती अक्काला म्हणाली तेव्हा मला मागे वळून बघावंसं वाटलं, कोणी मामलेदार आले की काय. आम्ही दोघंही खूप हसलो. मग तिला आणखी एक गावचीच गोष्ट सुचली. पोर. पोर आलं, पोर जेवलं, पोर दमलंय. मराठीत पोर मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. ते फक्त कुणाचं तरी असतं. तिशी ओलांडल्यावर पोर होणं जरा गमतीचं आहे, पण सकाळी ती "जेवण नेलंस का डब्यात? काल नीट जेवलंस का?" असं विचारायची, तेव्हा तो 'जेवलंस' कानाला इतका मऊ लागायचा की मी मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावायचो.

'अगं' काही जाईना. ती अर्ध्यावर थांबायची, "अग—" आणि पुढचं गिळायची. मी म्हटलं, राहू दे, सवय आहे. ती म्हणाली, "सवय मी आधीही एकदा बदलली आहे."

निघायच्या आदल्या दिवशी तिने बाबांना फोन लावला. स्पीकर चालू होता. "पोर बरं आहे," ती म्हणाली. "थोडं वाळलंय."

"कुणाचं पोर?"

"आपलं."

मग तिने सांगितलं, थोडक्यात, तिच्या पद्धतीने. नॉन-बायनरी हा शब्द तिने वापरलाच नाही. तिने सांगितलं की आपलं पोर मुलगीही नाही आणि मुलगाही नाही, ते आधीपासून तसंच आहे, आणि ते आपल्याला भिऊन बोलत नव्हतं.  मी टेबलाची कड धरून बसलो होतो.

"मला हे कळायला वेळ लागेल," बाबा म्हणाले. "पण भिऊन म्हणजे काय? मला भिऊन?" त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. मग म्हणाले, "चुकलो तर सांगायचं. लगेच सांगायचं. मनात ठेवायचं नाही."

"सांगतो," मी म्हटलं.

ते 'सांगतो' त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारलं, बंगळूरला सध्या पाऊस आहे का. अजूनही ते फोनवर कधी 'बेटी' म्हणतात आणि मग घसा साफ करतात.

लग्नाला मी निपाणीला गेलो, राखाडी कापडाचा कुडता शिवून.  कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची मी बसमध्ये उजळणी केली. पण मांडवात पाय ठेवला आणि चारी बाजूंनी बायकांचे आवाज आले. "आलो गं, आलो!" "मी इथंच बसतो, तू जा पुढं." "मी कवाधरनं शोधतो तुला!" काठापदराच्या साड्या, गजरे, आणि प्रत्येकीच्या तोंडी जातो, येतो, बसतो. मावशीने मला मिठीत घेतलं आणि विचारलं, काय करतंस तिकडं बंगळूरला? मी सांगायला लागलो. राहतो कुठे, काम काय करतो, सकाळी मेट्रो कुठे पकडतो, कुणाकडे कन्नड शिकतो. मी न थांबता बोलत होतो आणि ती मान हलवत होती. त्या अख्ख्या मांडवात माझ्या बोलण्यात वेगळं असं कुणालाच काही दिसलं नाही. मला आयुष्यात इतकं साधारण कधीच वाटलं नव्हतं.

एका म्हातारीने आईला विचारलं, "ही कुणाची?" आई म्हणाली, "माझं पोर." म्हातारी "बरं दिसतंय की" म्हणाली आणि तिला अक्षतांची काळजी पडली.

जेवणाच्या पंगती बसल्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी मधल्या मोकळ्या जागेत थांबून होतो. तेवढ्यात मावशीने आमटीची बादली आणि ओगराळं माझ्या हातात दिलं. "नुसतं बघत काय राहिलंस? वाढायला लाग, भात गार होतोय."

मी बायकांच्या रांगेपासून सुरुवात केली, टोकाला वळलो आणि पुरुषांच्या रांगेतून परत आलो. सगळेच आमटी मागत होते.